ऐन उत्तराच्या वेळी

पाऊस रुसला म्हणजे आधी शेतकरी रडतो म्हणतात. पण त्या वर्षी गवंडी त्याच्याही आधी रडला. पीक वाळायला दिवस लागतात, बांधकाम एका सकाळीच थांबतं. विहिरींचे तळ दिसायला लागले तसं गावानं ठरवलं, पाणी माणसाला आणि जनावराला, भिंतीला नाही. अर्ध्यावर आलेल्या भिंती जिथल्या तिथं उभ्या राहिल्या. गवंड्यानं थापी पुसून खिडकीत ठेवली, ओळंबा खिळ्याला टांगला. वारा आला की ओळंबा हलायचा आणि पुन्हा सरळ व्हायचा. घरात सरळ म्हणण्यासारखं तेवढंच राहिलं होतं.

घर चालत होतं ते त्याच्या बायकोच्या शिलाई मशीनवर. तिला सगळी आळी थोरली म्हणायची. बाजाराच्या गावी दिलेली तिची बहीण धाकटी, म्हणून ही थोरली. धाकटीचा नवरा टीव्ही-पंख्यांचा दुकानदार. त्याच्या दुकानाला काचेचं दार होतं. थोरलीच्या घराला दार होतं आणि त्याला कडी होती, एवढंच.

मशीन पायानं मारायचं जुनं होतं तोवर थोरलीचे गुडघे रात्रंदिवस ठणकायचे. मग मोटर बसवलेलं नवं मशीन हप्त्यावर घेतलं, शहरातल्या एका कंपनीकडून. पायाला आराम पडला, कामाला वेग आला. आणि पुढच्याच महिन्यात साडू घरी आला, चहा प्यायला आणि म्हणाला, "मशीन परक्याकडून घेतलंत, तर टीव्ही तरी घरच्याकडून घ्या. पैसे काय, सावकाश द्या की."

सावकाश या शब्दानं घात केला. परक्यानं म्हटलं असतं तर सावकाश दिले असते. साडूनं म्हटलं म्हणून पहिल्या तारखेला नेऊन द्यावे लागले. काम होतं तोवर दोन्ही हप्ते निघाले. काम थांबलं, एकाचेच पैसे हाताशी राहिले, तेव्हा नवराबायकोत बोलणंसुद्धा झालं नाही. थोरलीनं पैसे रुमालात बांधले आणि नवऱ्याला म्हणाली, "आधी धाकटीकडे देऊन या. तिच्या दारात मान खाली नको."

पुढच्या महिन्यातही तेच. मशीनची कंपनी कुठली, शहरातली. तिचं तोंड कुणी पाहिलंय? तिच्यापुढे लाज वाटायला ती काय सोयरी आहे? असं करता करता जो डबा नुसती करमणूक करत होता त्याचे हप्ते चोख गेले, आणि जे मशीन घराच्या तोंडात घास घालत होतं त्याचे दोन थकले. गवंडी भिंत बांधताना ओळंबा लावल्याशिवाय वीट ठेवायचा नाही. पण हप्त्याला ओळंबा कोण लावणार?

मग वसुलीवाला आला. उंच, सडपातळ, सायकलवरून. आवाज मात्र मऊ, आजाऱ्याच्या उशाशी बसल्यासारखा.

"बाई, दोन थकलेत. गुरुवारी संध्याकाळी येतो. पैसे तयार ठेवा, नाहीतर हातगाडी घेऊन येईन."

"शुक्रवारी या की. शुक्रवारी सकाळी माझे पैसे येतात."

"सगळ्यांचे शुक्रवारीच येतात, बाई. गुरुवारी कुणाचेच येत नाहीत," तो म्हणाला आणि सायकलच्या चेनला बोट लावून बघत निघून गेला.

शुक्रवारचे पैसे खोटे नव्हते. निवडणूक तोंडावर आली होती आणि थोरली झेंडे शिवत होती. एका पक्षाचा झेंडा पट्ट्यांचा, दुसऱ्याचा ठिपक्यांचा. सकाळी पट्टे, दुपारी ठिपके. बोटं दोन्ही रंगांनी माखायची. कापड स्वस्तातलं, घामानं रंग सोडायचं. नाक पुसावं तर नाकही पट्टेवालं व्हायचं. गवंडी हसायचा, "आज कुणाचा प्रचार?" ती म्हणायची, "जो मजुरी देईल त्याचा."

मजुरी मात्र दोघंही माल पोचल्यावरच देणार होते. गवंडी एकदा पट्टेवाल्यांच्या कचेरीत उचल मागायला गेला. तिथल्या माणसानं त्याला बसवलं, विचारपूस केली, आणि भाषणाच्या चौथऱ्याच्या पायऱ्या ढासळल्यात तेवढ्या नीट करून घेतल्या. पाणी? सभेसाठी पाणी होतं. काम झाल्यावर म्हणाला, "उचल नाही हो देता येत. शुक्रवारी सकाळी सगळे झेंडे आणा, हातावर रोख. एक जरी कमी पडला तरी सगळी गाठ परत." गवंडी हाताला लागलेला चुना खरवडत घरी आला. बायकोनं विचारलं, "दिले?" तो म्हणाला, "पायऱ्या छान झाल्या."

आता घराची एक अडचण सांगायला हवी. भिंतीवर विजेचा बोर्ड एकच आणि त्याला भोकं एकाच पिनेची. दिवसभर त्यात मशीन. संध्याकाळी आळीतली माणसं अंगणात जमली की मशीनची पिन निघायची आणि टीव्हीची लागायची. मग थोरली उरलेलं काम हातानं करायची: कडा दुमडायच्या, टाचण्या टोचायच्या, दोरे तोडायचे. तोंडानं गुणगुणायची, आईनं जात्यापाशी शिकवलेल्या चालीवर स्वतःच्याच ओळी:

सुई गं पुढं चाले, दोरा धावे मागं मागं
धाकट्या बहिणीपाशी, थोरलीचा जीव लागं

गुरुवार उजाडला तेव्हा पट्ट्यांच्या झेंड्यांची शेवटची चवड शिवायची राहिली होती. दुपारी दोनदा वीज गेली. थोरली मशीनपाशी हात मांडीवर ठेवून बसून राहिली, पंगतीत वाढायचं राहून गेलेल्या पाहुण्यासारखी. वीज आली की वाकायची. मानेचा मणका सुतळीसारखा ताणला होता. संध्याकाळी सासूनं तिच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाली, "पाठ आहे की पाटा गं ही?" सासूला ऐकू येत नसे, त्यामुळे ती सगळ्या आळीला ऐकू जाईल असं बोलायची.

नेमकी त्याच संध्याकाळी टीव्हीवर दोन्ही उमेदवारांची समोरासमोर चर्चा होती. आळी लवकरच जमली. न्हावी आला, तो पट्टेवाला. सुतार आला, तो ठिपकेवाला. दोघं लहानपणापासून एकमेकांशेजारी बसत आणि एकमेकांचं ऐकत नसत. चहावाला आपली किटलीच घेऊन आला. त्याच्या दुकानात संध्याकाळी माशा उरायच्या, गिऱ्हाईक सगळं इथं. "वहिनी, हा डबा मला द्या तरी, नाहीतर माझं दुकान इथं आणा," असं तो रोज म्हणायचा.

गवंडी बोर्डापाशी गेला.

"अहो, आज नको," थोरली म्हणाली. "चवड राहिलीय."

"अगं, सगळी जमलीत. आज कसं नाही म्हणायचं? तासाभराचा तर प्रश्न."

"तासाभरात तो येईल."

गवंड्यानं अंगणाकडे पाहिलं. काम नव्हतं त्या महिन्यांत या अंगणानंच त्याला माणसांत ठेवलं होतं. लोक त्याला 'या' म्हणत, उठून जागा देत. टीव्ही ज्याचा त्याची खुर्ची. त्यानं मशीनची पिन काढली, हळूच, झोपलेल्याच्या हातातून काहीतरी काढून घ्यावं तशी. थोरलीनं चवड मांडीवर ओढली आणि टाचण्या टोचायला घेतल्या.

पडद्यावर दोघं उभे राहिले. पट्टेवाला गोरा, देखणा, दर वाक्याला पाणी पिणारा. ठिपकेवाला बुटका, हात पाठीमागे बांधलेला. मध्ये प्रश्न विचारणारी बाई, चष्मा लावलेली.

"पाणी किती पितो बघा," सासू मोठ्यानं म्हणाली. "आपल्याकडे विहिरीत नाही आणि हा तिथं उभा राहून पितोय."

"म्हातारे, तो बोलतोय म्हणून घसा सुकतो," न्हावी हातवारे करत म्हणाला.

"घसा खोटं बोलल्यावर सुकतो," सुतार म्हणाला.

"मग तुमचा तो बुटका हात मागे का बांधून उभाय? आधीच पकडलाय की काय?"

अंगण हसलं. पट्टेवाला पुढे आला की न्हावी मांडीवर थाप मारायचा, ठिपकेवाला सरसावला की सुतार. थोरली दारातून बघत होती. तिला वाटलं, ही दोघं पडद्याकडे बघतच नाहीत. आपापल्या मांडीकडे बघतात.

तेवढ्यात फाटकापाशी चाकं कुरकुरली. वसुलीवाला हातगाडी घेऊन आला होता. गाडीवर गोणपाट आणि दोरी.

अंगणात कुणी 'या' म्हटलं नाही. कुणी उठलंही नाही. तोच कडेकडेनं दारापर्यंत आला आणि आवाज उतरवून म्हणाला, "बाई?"

"उद्या सकाळी," थोरली म्हणाली. "ही बघा चवड. एवढी शिवून पोचवली की हातावर रोख. मशीन नेलंत तर शिवणार कशावर? आणि शिवलं नाही तर देणार काय?"

"मला कळतं."

"मग?"

"मला कळून काय उपयोग. मी मोकळ्या गाडीनं गेलो तर उद्या गाडी ढकलायला दुसरा असेल." त्यानं कपाळ पुसलं. "ही चर्चा संपेपर्यंत थांबतो. एवढ्या माणसांतून नेणं बरं दिसत नाही."

गवंडी खुर्चीत बसून होता. त्यानं वळून पाहिलं नाही, पण त्याचे कान लाल झालेले थोरलीला मागूनही दिसले. वसुलीवाला उंबऱ्याशी टेकला. चहावाल्यानं सवयीनं त्याच्याही हातात पेला दिला. जरा वेळानं तोही मान उंच करून पडद्याकडे बघायला लागला.

आणि चष्मेवाल्या बाईनं नेमका तोच विषय काढला.

घराघरांत हप्त्यावर वस्तू आल्यात, ती म्हणाली, आणि हप्ते थकलेत. यावर तुमचं काय?

पट्टेवाला पाणी प्यायला. म्हणाला, कर्ज ही प्रगतीची शिडी आहे. मग शिडीवर चढून बराच वेळ वरूनच बोलला. ठिपकेवाला म्हणाला, अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला वाडवडिलांनी शिकवलं. मग वाडवडिलांबद्दल बराच वेळ बोलला.

"वा!" न्हावी म्हणाला.

"वा!" सुतार म्हणाला.

थोरलीच्या हातातली टाचणी थांबली होती. अंथरूण पाहूनच पसरले होते की पाय, तिला वाटलं. अंथरूणच आखडलं, त्याला काय करायचं?

चष्मेवाल्या बाईलाही बहुधा असंच काही वाटलं असावं. तिनं हात वर करून दोघांना थांबवलं. म्हणाली, "साधा प्रश्न विचारते. ज्याला हप्ता भरता येत नाही, त्याच्या घरातून त्याच्या कामाची वस्तू उचलून न्यावी का? हो की नाही, एवढंच सांगा."

न्हाव्याचा हात मांडीच्या वर तसाच राहिला. वसुलीवाल्यानं पेला खाली ठेवला. गवंडी खुर्चीत पुढे सरकला. पट्टेवाल्यानं ठिपकेवाल्याकडे पाहिलं, ठिपकेवाल्यानं पट्टेवाल्याकडे. दोघांनी एकदमच तोंड उघडलं.

थोरलीची नजर त्यांच्यावर नव्हती. ती बोर्डाकडे बघत होती. पांढरा चौकोन, त्यात अडकलेली पिन. एवढीशी जागा. या जागेवर कोण बसणार हे गेले कित्येक महिने आपणच ठरवत होतो आणि खापर दुष्काळावर फोडत होतो. धाकटीच्या दारात मान वर राहावी म्हणून आपल्याच दारात गोणपाट येऊन पडलं.

ती उठली. मांडीवरचे झेंडे खाली पडले. चार पावलं चालली आणि तिनं पिन उपटली.

पडदा काळा झाला. त्यात अंगणातली सगळी तोंडं दिसली, उघडी.

"अहो वहिनी!"

"ऐन उत्तराच्या वेळी?"

"काय म्हणाला तो? काय म्हणाला?"

"अगं, काय करतेस!" गवंडी उभा राहिला होता.

थोरलीनं मशीनची पिन घेतली, भोकात बसवली, आणि मगच वळली. आवाज चढवला नाही. "भावजी," ती चहावाल्याला म्हणाली, "रोज म्हणता ना, डबा द्या? घेऊन जा. आत्ता. पण पैसे आत्ता पाहिजेत, रोख."

चहावाल्यानं किटलीचं झाकण लावलं, काढलं. "किती?"

"ह्यांचे दोन हप्ते." तिनं वसुलीवाल्याकडे बोट केलं.

चहावाला मनात हिशेब करत होता. टीव्ही त्याहून पुष्कळ महागाचा होता हे अंगणातल्या सगळ्यांना माहीत होतं. "वहिनी, तेवढे नाहीत माझ्याकडे," तो डोळे न मिळवता म्हणाला. "थोडे कमी…"

"लाज वाटू दे रे," सासू ओरडली. तिला एक शब्द ऐकू आला नव्हता, पण चहावाल्याचं तोंड दिसत होतं. "अडल्या माणसाशी घासाघीस करतोस?"

चहावाल्यानं कमरेची पिशवी काढली आणि पुरते मोजून दिले.

"अगं, त्याचे हप्ते राहिलेत अजून," गवंडी हलक्या आवाजात म्हणाला. "साडूचे. टीव्ही गेला तरी ते भरावे लागतीलच."

"भरू."

"आणि धाकटीला काय सांगायचं?"

"मी सांगेन. मी जाईन." ती मशीनपाशी बसली. "तुम्ही एक बाजू धरा त्याची. उंबऱ्याला आपटायचा नाही, अजून आपला नाही तो."

गवंड्यानं एक बाजू धरली, चहावाल्यानं दुसरी. सगळं अंगण मागोमाग निघालं, लवकर लावा, लवकर लावा, करत. वसुलीवाल्यानं पैसे खिशात घालून पावती फाडली आणि मशीनच्या कडेला ठेवली. गाडीवरचं गोणपाट उगीचच नीट केलं. "उत्तर काय असेल हो?" तो म्हणाला. "मला खरंच ऐकायचं होतं."

"तुम्हाला ठाऊकच आहे की," थोरली म्हणाली आणि मशीन सुरू केलं.

चहाच्या दुकानात टीव्ही लागला तेव्हा चर्चा रस्त्यांच्या खड्ड्यांवर गेली होती. त्या प्रश्नाला दोघांनी काय उत्तर दिलं ते आळीत कुणालाच कधी कळलं नाही. त्यामुळे दुसऱ्या दिवसापासून ते सगळ्यांनाच कळलं. न्हावी गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा ठेवून सांगायचा, पट्टेवाला साफ 'नाही' म्हणाला, मी ओठ पाहिले. सुतार रंधा थांबवून सांगायचा, 'नाही' म्हणाला तो आमचा बुटका, तुमच्यावाल्यानं आवंढा गिळला. वाद तोडणार कोण? ज्यानं त्यानं आपल्या माणसाच्या तोंडात आपलंच उत्तर घातलं आणि त्यावर खूश राहिला.

शुक्रवारी सकाळी झेंडे पोचले. कचेरीतल्या माणसानं दोनदा मोजले, कडा ओढून पाहिल्या, आणि पैसे दिले. त्यातला साडूचा हप्ता थोरलीनं रुमालात बांधला. या वेळी नवऱ्याच्या हाती दिला नाही.

बाजाराच्या गावाला ती चालतच गेली. धुळीत तिचे पाय घोट्यापर्यंत पांढरे झाले. काचेच्या दारापाशी ती थांबली; दारात तिला तीच दिसली, नाकावर पट्ट्यांचा रंग अजून राहिलेला. तिनं तो बोटानं पुसला, गेला नाही, तशीच आत गेली.

धाकटी गल्ल्यावर होती. नवरा मागच्या खोलीत पंखा जोडत होता.

"ताई? तू? दाजी कुठायत?"

"मीच आले. हा हप्ता. आणि ऐक, टीव्ही मी विकला. चहावाल्याला. तुला दुसऱ्याकडून कळायच्या आत सांगायला आले. हप्ते भरीन मी सगळे. पण टीव्ही गेला. मशीनचे थकले होते."

हे सगळं ती एका दमात बोलली, दोरा न तोडता शिवावं तसं. मग तिनं मान खाली घातली. मानेला बरंच वाटलं. किती दिवस ताठ धरली होती.

धाकटीनं रुमालाची गाठ सोडली नाही. "मशीनचे थकले आणि आमचे भरलेस?"

"तुझ्या दारात…"

"माझ्या दारात काय? माझ्या दारात तू सहा महिन्यांत आली नाहीस. दाजी यायचे, पैसे ठेवायचे, पाणीसुद्धा न पिता जायचे. मला वाटायचं, थोरलीचं छान चाललंय, तिला वेळ नाही." तिचा आवाज चिडका झाला, लहानपणी व्हायचा तसा. "आम्हाला प्रत्येक टीव्हीवर कापडाचं आच्छादन द्यावं लागतं, धूळ बसू नये म्हणून. शहरातून आणतो, दोन धुण्यांत उसवतं. मी ह्यांना म्हटलं, ताईला सांगूया. हे म्हणाले, थोरल्या मेहुणीला मजुरी कशी द्यायची, बरं दिसत नाही."

थोरलीनं वर पाहिलं. मग धाकटीला हसू फुटलं. "आधी नाक पूस. कुणाचा प्रचार करत फिरतेस?"

मागच्या खोलीतून दुकानदार आला. सगळं ऐकलं होतं त्यानं. हात पुसत म्हणाला, "आच्छादनं शिवा की. पण भाव शहरातलाच देईन हं. नातं वेगळं, धंदा वेगळा."

"शहरातला भाव उसवणाऱ्या शिलाईचा," थोरली म्हणाली. "माझा जरा जास्त."

त्यावर पुष्कळ घासाघीस झाली, आणि ती घरच्या माणसांत होते तशी झाली, चहा निवत ठेवून.

मतदान पार पडलं. न्हाव्यानं मत दिलं पट्ट्यांना, सुतारानं ठिपक्यांना. चर्चा झाली नसती तरी त्यांनी तेच केलं असतं. गवंड्यानं पायऱ्यांच्या रागापायी ठिपक्यांना दिलं. थोरलीनं कुणाला दिलं ते विचारल्यावर तिनं सांगून टाकलं, दरवेळी देते त्यालाच. चर्चेनं मत बदललं ते एकट्या सासूचं. ती दरवेळी पट्ट्यांना द्यायची, यंदा फिरली. "फार पाणी पीत होता," ती साऱ्या आळीला ऐकू जाईल असं म्हणाली.

निकालाच्या दिवशी चहाचं दुकान गच्च भरलं होतं. टीव्ही उंच फळीवर बसवला होता. पडद्यावर आकडे धावत होते आणि खाली तोच जुना वाद पेटला होता, उत्तर काय दिलं त्याचा. तेवढ्यात गवंडी आत आला. हातात बांधकामाची मोजपट्टी. पहिल्या आच्छादनाचं माप हवं होतं, आणि थोरली म्हणाली होती, धाकटीच्या दुकानापर्यंत कशाला जाता, चहावाल्याकडे तोच तर डबा.

तो बाकावर चढला आणि पडद्यापुढे पट्टी धरली. आधी रुंदी, मग उंची. मग खिशातून ओळंबा काढून फळी सरळ आहे की नाही तेही पाहिलं, हाताची सवय.

"अरे, बाजूला हो!"

"आकडे झाकले की राव!"

"दादा, सरका, ऐन वेळेला काय मधे येता!"

गवंड्यानं पट्टी गुंडाळली. घाई केली नाही. बाकावरून खाली वळून सगळ्यांकडे पाहिलं आणि बऱ्याच महिन्यांनी मनापासून हसला.

"बघा, बघा, पोटभर बघा," तो म्हणाला. "हप्ता अजून आम्हीच भरतोय."